बॅटरी का उतरते?

सकाळी मोटारगाडी सुरू झाली नाही, की अनेकजण लगेच नवी बॅटरी घेतात. परंतु दोष अन्यत्र असेल, तर नवी बॅटरीही उतरते आणि पैसे वाया जातात. म्हणून प्रथम कारण शोधावे.

गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटरने मोजल्यास पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाब दाखवते. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढतो. तो चढला नाही, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा व जोडण्या तपासाव्यात.

दाब योग्य चढूनही बॅटरी रातोरात उतरते का? मग बंद गाडीतही वीज खर्च होत असावी. बॅटरीची ऋण तार सोडवून, तार व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये प्रवाह मोजण्यासाठी मीटर जोडावा. या वेळी गाडी सुरू करू नये, मीटर बिघडतो. अर्ध्या-एक तासानंतरही प्रवाह ५० मिलिअँपिअरहून बराच अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढताच प्रवाह घटतो, त्याच्याच मंडलात दोष असतो.

सर्व ठीक आढळले, तरच बॅटरी जीर्ण झाली असे समजावे.