तक्त्यातले वजन आणि आपले आरोग्य

दर सत्राच्या सुरुवातीला एम.आय. रूमसमोर आमची रांग लागते. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि भिंतीवरचा तक्ता. मागच्या वर्षी माझी उंची १६५ सें.मी. आणि वजन ६० किलो भरले. तक्त्याप्रमाणे ते सहा किलो जास्त होते. रांगेतल्या मित्रांनी लगेच माझे नाव 'बटाटा' ठेवले.

मी कोणालाही न सांगता रात्रीचे जेवण बंद केले. सकाळच्या इडल्या शेजारच्या मुलाच्या ताटात जाऊ लागल्या. पुन्हा वजन करायच्या आदल्या दिवशी तर पाणीही कमी प्यायलो. एप्रिल महिना आणि चेन्नईची दमट हवा. दुसऱ्या दिवशी धावताना तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली. उस्तादांनी सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी कंबर मोजली, रक्तदाब पाहिला, वर्षभरात उंची किती वाढली ते विचारले. सगळे व्यवस्थित होते. मी बॉक्सिंग करतो, त्यामुळे माझ्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होता. मग तक्ता चुकीचा का? डॉक्टर म्हणाले, "तक्ता चुकीचा नाही, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे."

हे समजायला तक्त्याचा इतिहास पाहावा लागतो. १८३० च्या दशकात बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केटले 'सरासरी माणूस' कसा असतो याचा अभ्यास करत होते. मोठ्या माणसांचे वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. एकेका माणसाचे आरोग्य तपासणे हा त्यांचा हेतू नव्हता. किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, या भागाकाराला १९७२ साली अमेरिकेच्या अन्सेल कीज यांनी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिले. काटा एकूण वजन सांगतो. त्यात चरबी किती, स्नायू किती, आणि चरबी पोटावर आहे की मांड्यांवर, हे तो सांगू शकत नाही.

याचे उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. तक्त्याप्रमाणे दोघेही एकसारखे. पण विशेष एक्स-रेने मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांनी स्वतःचेच फोटो देऊन हे छापले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या अभ्यासातही हेच दिसले. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, पण त्यांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू.

म्हणजे तक्ता दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. व्यायाम करणारा मुलगा 'जाड' ठरतो आणि बारीक दिसणारा माणूस मधुमेहाच्या वाटेवर असूनही 'ठीक' ठरतो. म्हणूनच जगात २५ पासून जास्त वजन धरतात, तर भारतीय डॉक्टर २३ पासूनच सावध होतात. आमच्या वयाला तर मोठ्यांचा तक्ता चालतच नाही, कारण उंची कधी झपाट्याने वाढते, कधी थांबते. त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचे वेगळे वाढीचे तक्ते दिले आहेत.

तरीही तक्ता फेकून द्यायचा नाही. वजन अचानक वाढले किंवा घटले तर तोच पहिली सूचना देतो. पण निकाल देण्याआधी कंबरही मोजावी. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा सोपा अंदाज. रक्तदाब, धावण्याची वेळ, झोप आणि घरातला मधुमेहाचा इतिहासही पाहावा.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत आम्ही घरी आलो की दारातच "किती वाळलास!" किंवा "सुटलास की रे!" म्हणू नका. काय खातोस, किती झोपतोस, ते विचारा.

या सत्रात रांगेत माझ्यापुढे आठवीचा एक मुलगा होता. वजन कमी भरावे म्हणून तो नाश्ता न करता आला होता. मी त्याला माझी गोष्ट सांगितली आणि वजन झाल्यावर मेसमध्ये घेऊन गेलो. त्याने सहा इडल्या खाल्ल्या.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी