संमेलनाचा पोशाख घरच्या घरी




वार्षिक स्नेहसंमेलनात पालक आणि शिक्षकांनी मिळून एकांकिका सादर करावी, ही आपल्या शाळेची जुनी परंपरा आहे. यंदाचा विषय आहे देवी अहिल्याबाईंचा दरबार. भूमिका पुष्कळ आहेत, पण नावे कमी आली. विचारपूस केली तेव्हा कळले की अडचण अभिनयाची नसून पोशाखाची आहे. भाडे, वर अनामत, आणि जरीला डाग लागला तर वेगळी भरपाई. इंदूरमध्ये आपल्या मुलांचा दिवस हिंदी-इंग्रजीत जातो. आपले आई-बाबा भर सभागृहात मराठीत बोलताना त्यांना वर्षातून एकदाच दिसतात. भाड्याच्या पोशाखापायी ती संधी जाऊ नये, म्हणून हा लेख.

पात्र ओळखू येते ते एक-दोन खुणांवरून. बाकीचे कपडे घरातलेच चालतात. अहिल्याबाईंचेच पाहा. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य चालवले. चित्रांत त्या दिसतात पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावरून पदर आणि हातात शिवलिंग. म्हणजे ज्यांची भूमिका सर्वांत मोठी, त्यांचाच वेश सर्वांत स्वस्त! आजीच्या पेटीतले पांढरे सुती लुगडे पुरेसे आहे.

पागोटे : होळकरी पगडीचा हुबेहूब घाट घरी जमणे कठीण; दरबारी मंडळींसाठी साधे पागोटे करू. सुतळीने डोक्याचा घेर मोजा. त्याहून दोन इंच लांब आणि दोन इंच रुंद अशी पुठ्ठ्याची पट्टी कापून तिचे कडे करा. वरून दोन पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवा, म्हणजे टोपीचा सांगाडा तयार झाला. आता जुन्या सुती साडीला लांबीच्या दिशेने सैल पीळ देत ती सांगाड्याभोवती गुंडाळा. दर दोन फेऱ्यांनी सुईदोऱ्याने टाके घाला. समोर गोट्याची पट्टी लावली की काम झाले. असे पागोटे टोपीसारखे घालता-काढता येते, प्रत्येक प्रवेशाला नव्याने बांधावे लागत नाही. साडी न कापल्यामुळे टाके उसवून परत वापरता येते.

अंगरखा : बाबांचा गुडघ्यापर्यंतचा जुना पांढरा कुर्ता घ्या. जुन्या ओढणीची तिरपी पट्टी डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत टाका आणि कमरेपाशी दोन नाड्या बांधा. बटणे झाकली जातात आणि लांबून अंगरख्याचा भास होतो. खाली धोतर, खांद्यावर उपरणे.

ढाल-तलवार : पुठ्ठ्याचे तीन थर मैद्याच्या खळीने चिकटवा. तलवारीच्या मधल्या थरात लाकडी फूटपट्टी ठेवली तर ती वाकत नाही. वजनाखाली दाबून एक रात्र वाळू द्या, मग स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावा. टोक गोल ठेवा. खरी तलवार कोणीही आणू नये, ही आग्रहाची विनंती.

शिवलिंग : वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून पिळा, खळीत मळा आणि हाताने आकार द्या. दोन-तीन दिवस उन्हात वाळवून काळा पोस्टर रंग द्या. हे काम मुलांकडे सोपवावे.

मिशा : काळी लोकर कापडाच्या पट्टीवर शिवा आणि दुहेरी चिकटपट्टीने लावा. कागद चिकटवण्याचा डिंक चेहऱ्यावर लावू नका, त्वचेला त्रास होतो. नाही तर काजळाने काढलेली मिशीही प्रेक्षकांतून छान दिसते.

दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. कापसाची दाढी आणि नायलॉनची ओढणी क्षणात पेट घेते, म्हणून आरतीच्या प्रवेशात बॅटरीचे दिवेच वापरले जातील. दुसरे म्हणजे हातातले घड्याळ, मोबाइल आणि खेळाचे बूट विंगेत ठेवून या. अठराव्या शतकातला कारभारी पांढऱ्या बुटांत आला की पोशाखावरची सगळी मेहनत वाया जाते.

संमेलनापूर्वीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकला कक्षात सर्वांनी मिळून पोशाख तयार करू. सुई-दोरा, खळ आणि पुठ्ठे शाळा देईल. आपण फक्त जुने कपडे आणावेत. विश्वस्त मंडळींनीही अवश्य यावे, दरबारात मानकऱ्यांच्या काही जागा अद्याप रिकाम्या आहेत. तयार झालेली पागोटी शाळेच्या कपाटात जपून ठेवू, म्हणजे पुढच्या वर्षी ज्यांना भूमिका मिळेल त्यांचा खर्च आणखी कमी होईल.

आपली नावे वर्गशिक्षकांकडे लवकर द्यावीत, ही विनंती.