किलोभर दगड, एकशे सात विहिरी

तराजूच्या एका पारड्यात किलोचं वजन टाका, दुसऱ्यात एनार्जाइट नावाचा दगड. तुकडा केवढासा लागेल? पाण्याच्या जवळपास साडेचारपट जड दगड हा! किलोभर माल पाव लिटरच्या मापातही मावून वर जागा उरते. रंग काळसर राखाडी, चकाकी धातूची, अंगावर उभ्या बारीक रेघा. दिसतो दणकट, पण चाकूनं सहज ओरखडा पडतो. आणि तापवला की लसणासारखा वास सुटतो. तो वास आर्सेनिकचा.

याचं घर आपल्याकडे नाही. १८५० साली ब्राइटहाउप्ट या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं, ते पेरूमधल्या मोरोकोचाच्या खाणीतल्या दगडावरून. मोरोकोचा सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी वर हजारभर मीटर चढ उरतोच!

आता हिशेब. किलोभर शुद्ध एनार्जाइटमध्ये ४८४ ग्रॅम तांबं, ३२६ ग्रॅम गंधक आणि १९० ग्रॅम आर्सेनिक. तांब्याचा भाव किलोला ८०० रुपये धरला, तर पावणेचारशेच्या वर रुपये हातात. छान! पण त्या १९० ग्रॅमचं काय? भट्टीत ते जळून त्याचा सोमल होतो. किती? जवळजवळ पाव किलो.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती चालतं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे हे १९० ग्रॅम सगळंच्या सगळं विरघळलं असं धरलं, तर १ कोटी ९० लाख लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन भिडेल. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात वीस फूट रुंद विहीर आहे आणि तिच्यात वीस फूट पाणी आहे असं समजा. अशा १०७ विहिरी! दहा हजार लिटरचे टँकर लावायचे तर १,९००. एकामागे एक उभे केले तर रांग येळ्ळूरहून निघून बेळगाव गाठेल आणि तरीही संपणार नाही.

हे झालं किलोचं. अमेरिकेतल्या ब्यूट या खाणगावात एनार्जाइट हे तांब्याच्या मुख्य खनिजांपैकी एक. तिथून १८८० ते २००५ या काळात ९६ लाख टनांहून अधिक तांबं निघालं, अर्थात इतर खनिजांतलंही धरून. साठ टनांच्या वॅगनी भरा: १ लाख ६० हजार! मुंबई ते पुणे शेजारी शेजारी नऊ रूळ टाका, नऊही वॅगनींनी भरतील. आठशेच्याच भावानं किंमत साडेसात लाख कोटींच्या पुढे. जवळच्या अ‍ॅनाकोंडाच्या भट्टीचा धूर उंच सोडायला चिमणी बांधली, ती १७८ मीटरची. विजापूरचे साडेतीन गोलघुमट एकावर एक!

आता दम धरा. शुद्ध एनार्जाइटची साठ टनांची एक वॅगन घ्या. तिच्यातलं आर्सेनिक ४० टीएमसी पाणी मर्यादेला नेईल. तीन वॅगनी जोडा, कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण मागे पडलं. आणि ५८ वॅगनींची अख्खी मालगाडी? २,३०० टीएमसीच्या वर. बावीस कोयना, एका मालगाडीत!