रहस्याआधी गाव

किशोरांसाठी रहस्यमालिका लिहिताना : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण गुप्तहेर निवडला. तेरा वर्षांची, आठवीत शिकणारी, आजीजवळ राहणारी मुलगी. आता तिला गाव द्यायचं आहे. नवे लेखक बहुधा आधी चोरी ठरवतात आणि मग ती कुठे घडली ते बघतात. एकट्यादुकट्या पुस्तकाला ते चालून जातं, मालिकेला नाही. दर पुस्तकाअखेर रहस्य संपतं. पुढच्या पुस्तकात वाचक परत येतो तो त्या मुलीसाठी आणि तिच्या मुलखासाठी.

भा. रा. भागवतांना हे नेमकं कळलं होतं. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. सडपातळ अंगकाठी, पायाखाली सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’. एवढ्या भांडवलावर वीस पुस्तकं झाली. त्यांतली काही नावं आठवून पाहा : ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’. मुलगा तोच, मुलूख दर वेळी निराळा. सत्यजित राय यांचा फेलुदा १९६५ साली ‘संदेश’ मासिकात अवतरला. त्याचं घर कोलकात्यात, पण एका कथेत मूर्तिचोरांच्या मागावर तो थेट आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतो. ही झाली हिंडणारी मालिका.

आपली नायिका हिंडू शकत नाही. तिच्याकडे ना सुट्टीचा प्रवासखर्च आहे, ना सोबत नेणारे काका. म्हणून आपली मालिका ठाण मांडून बसलेली असेल. अशा मालिकेपुढे एकच अवघड प्रश्न असतो : एवढ्याशा गावात इतकी रहस्यं येणार कुठून? उत्तरासाठी बीड जिल्ह्यातलं पाली घेऊ.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पाली येतं. गावाजवळ बिंदुसरा नदीवरचं धरण, मागे बालाघाटाचे डोंगर, पुढे मांजरसुंब्याचा घाट. धुळे-सोलापूर महामार्ग शेजारून जातो, म्हणजे अनोळखी गाडी दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. घाटाच्या बाजूला मन्मथस्वामींचं कपिलधार, तिथे कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. बीडकडे जाताना निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधवलेली खजाना विहीर लागते. तिच्यातून निघणारं पाणी भुयारी कालव्यानं, कुठल्याही यंत्राशिवाय, खालच्या शेतांपर्यंत पोचावं अशी तिची रचना आहे.

भुयार म्हटलं की लेखकाचे हात शिवशिवतात. आवरा. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक असा की कथेत गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नसावं. आपण आणखी कडक होऊ : एकही नको. खजान्याची अफवा गावकऱ्यांच्या तोंडी जरूर येऊ द्या, ती खोटा माग म्हणून कामाची आहे. पण वाचणारं पोर उद्या खऱ्या विहिरीत उतरेल असं काही लिहू नका.

खरं भांडवल गावाच्या वर्षचक्रात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत कोप्या पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, माणसं परतत नाहीत. मागे राहतात म्हातारी माणसं, बंद घरं आणि शाळेत जाणारी मुलं. काही मुलं हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आजीच्या हाताखाली वाढतात.

आता हे तंत्राच्या अंगानं बघा. किशोरांच्या रहस्यकथेत आई-बाप ही सगळ्यात मोठी अडचण असते. ते जवळ असले तर रात्री पोरांना घराबाहेर पडू देणार नाहीत. एनिड ब्लायटननं १९४२ ते १९६३ या काळात ‘फेमस फाइव्ह’ची एकवीस पुस्तकं लिहिली आणि जवळजवळ प्रत्येकात सुट्टी काढून, तंबू ठोकून मुलांना मोठ्यांपासून दूर नेलं. आपल्या नायिकेच्या बाबतीत ही सोय लेखकाला करावी लागत नाही. तिचे आई-बाप सहा-सहा महिने नसतातच. मात्र ब्लायटनच्या मुलांना ती मोकळीक वाटते आणि आपल्या मुलीला तो भार वाटतो. पाणी भरणं, धाकट्या भावाला शाळेत पोचवणं, आजीचं औषध, हे उरकून ती तपास करणार. तिच्या धाडसाला वजन येतं ते यामुळे.

वर्षचक्रातून चार पुस्तकं सहज निघतात. पहिलं पावसाळ्यातलं. धरण भरत आलंय आणि म्हातारी माणसं १९८९च्या जुलैत बिंदुसरेनं बीड शहरात केलेला हाहाकार आठवतायत, तेवढ्यात कुणीतरी अफवा उठवून वस्तीला रात्रीतून घराबाहेर काढतं. कशासाठी? दुसरं कार्तिकातलं, यात्रेच्या गर्दीत चुकलेल्या माणसाचं. तिसरं ऐन थंडीतलं, गाव रिकामं असतानाचं. चौथं उन्हाळ्यातलं. पाणी मागे सरतं, शेतकरी गाळ उचलायला येतात आणि गाळात मोटरसायकलची नंबरप्लेट सापडते. खून एकातही नाही. बारा ते चौदाच्या वाचकाला खुनापेक्षा ‘आपल्यातलाच कोण?’ हा प्रश्न जास्त छळतो.

नमुन्यादाखल तिसरं पुस्तक उलगडू. जानेवारीत एका विहिरीतली पाणबुडी मोटार रातोरात जाते. गाव म्हणतं, हायवेवरनं आलेली टोळी असणार. मुलगी वेगळा हिशेब मांडते. पाइपासकट मोटार वर ओढायला तीन-चार धडधाकट गडी लागतात आणि जानेवारीत गावात तेवढे गडीच नाहीत, म्हणजे हात बाहेरचे. पण शेतीच्या विजेची पाळी दिवसाची की रात्रीची, हे आठवड्याला बदलतं. नेमकी रात्री वीज नसणारा आठवडा आणि नेमकी राखणदार नसलेली विहीर बाहेरच्याला कशी ठाऊक? म्हणजे वाट दाखवणारा गावचा. पण गावचे गडी तर कारखान्यावर!

किल्ली आपण आधीच वाचकाच्या हातात दिलेली असते. दुसऱ्या प्रकरणात आईचा फोन येतो. “जेवलीस का? आजीचा खोकला कसाय?” आणि बोलता बोलता : “आवंदा ऊस लई हाय बघ. त्यात टोळीतला एक कोयता मोडलाय, गड्याचा आठ दिसापासून पत्ता नाही. मुकादम आमच्यावरच खेकसायलाय.” वाचक इथे आईच्या आठवणीनं हळवा होतो आणि पुरावा नजरेखालून निसटतो. पुरावा लपवायची उत्तम जागा हीच, वाचकाचं मन जिथे दुसरीकडे गुंतलेलं असतं. शेवटी तो उलटी पानं चाळतो, ओळ सापडते आणि स्वतःवरच चिडतो. हा चिडलेला वाचक पुढचं पुस्तक घेतो.

रहस्यकथेचा सचोटीचा नियम एवढाच : गुप्तहेराला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. मी त्यात एक भर घालतो. उत्तर गावातूनच निघालं पाहिजे. विजेची पाळी, उसाचा हंगाम, विहिरीची खोली या गोष्टी मुलीला ठाऊक असतात. बाहेरून आलेल्या हुशार पोलीस अधिकाऱ्याला त्या विचाराव्या लागतात. मुलानं मोठ्यांवर मात करावी तर अशा ज्ञानाच्या जोरावर. पिस्तूल आणि पाठलाग नकोत. प्रत्येक पुस्तकात एक विश्वासाचं मोठं माणूसही ठेवा, शिक्षिका म्हणा नाहीतर आशाताई. शेवटच्या धोक्याच्या पावलाला ते माणूस सोबत असलं पाहिजे.

आता कामाची गोष्ट : वही. अमेरिकेत १९३० साली नॅन्सी ड्रू ही मुलगी-गुप्तहेर आली. पुस्तकांवर नाव कॅरोलिन कीन, पण अशी बाई अस्तित्वातच नव्हती. स्ट्रेटमेयर कंपनी कथेचे आराखडे देई आणि निरनिराळे लेखक मानधनावर पुस्तकं लिहीत. सुरुवातीची बरीचशी मिल्ड्रेड वर्ट यांची. लिहिणारे बदलले तरी नॅन्सीची ओळख टिकली, कारण तिच्या जगाचे नियम आधी ठरलेले होते. आपण कंपनी काढणार नाही, पण नियमांची वही हवीच. घर ते शाळा किती मिनिटं, धरणाची भिंत कुठून दिसते, आजीला कोणत्या कानानं कमी ऐकू येतं, मोबाइलला रेंज कुठे मिळते. पहिल्या पुस्तकात आजीचा डावा कान आणि तिसऱ्यात उजवा झाला की किशोर वाचक पत्र लिहून विचारतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पुढच्या गुरुवारपर्यंतचा गृहपाठ. तुमच्या गावाचा नकाशा हातानं काढा. त्यावर प्रत्येक महिन्यात काय रिकामं होतं, काय भरतं, कोण येतं, कोण जातं ते लिहा. शाळेतल्या चार मुलांना तो दाखवा आणि मोठ्यांना ठाऊक नसलेली एकेक जागा त्यांना भरायला सांगा. तुमचं पहिलं रहस्य त्यातल्याच एखाद्या जागेवर असेल.

पुढील लेखांकात गुन्हेगार. मोटारचोरांना वाट दाखवणारा तो गडी उचलीच्या कर्जात बुडालेला असेल, तर तेरा वर्षांच्या मुलीनं त्याचं नाव सांगायचं की नाही? किशोरांसाठी लिहिणाऱ्याला या प्रश्नाला बगल देता येत नाही.