सांधा दुखतो, मग त्वचा कां पाहावी?

सांधेदुखी ही घरोघरची तक्रार. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखालीं १९९६ सालीं घरोघर जाऊन जी पाहणी सुरू झाली, तिनेंही हेंच दाखविलें. परंतु तक्रार सर्वसामान्य असली म्हणजे तिच्या आड दडलेला विशेष रोग निसटण्याचा संभव अधिक. सोरायसिस या त्वचारोगाशीं निगडित असलेला संधिवात हा असाच एक रोग होय.

समजा, सीवूड्समधील एखाद्या दवाखान्यांत चाळिशींतल्या एक बाई येतात. पायाचें एक बोट सुजलें आहे. सकाळीं हातांचीं बोटें पाऊण तास आंखडलेलीं असतात आणि कामाला लागल्यावर मोकळीं होतात. पहिला धागा हाच. झिजेची सांधेदुखी श्रमानें वाढते व विश्रांतीनें कमी होते. दाहाची सांधेदुखी विश्रांतीनें वाढते व हालचालीनें उतरते.

रक्त तपासलें, तर ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ बहुधा आढळत नाहीं, ‘ई. एस. आर.’ही पुष्कळदां ठीक असतो. कधीं युरिक अ‍ॅसिड वाढलेलें दिसतें आणि ‘गाउट’चें औषध सुरू होतें. या रोगाचें निश्चित निदान करील अशी एकही रक्तचाचणी नाहीं. तेव्हां डोळे, हात आणि प्रश्न यांवरच भिस्त ठेवावी लागते.

बोट एका सांध्यापुरतें सुजलें आहे, कीं मुळापासून टोंकापर्यंत? नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे आहेत काय? टांचेच्या मागें, स्नायुरज्जू हाडाला चिकटतो तेथें, दुखतें काय? कोपर व गुडघे सर्वच पाहतात. परंतु चट्टा केसांखालीं, कानामागें, बेंबींत किंवा नितंबांमधील फटींतही लपतो. केसांतला ‘कोंडा’ कित्येकदां कोंडा नसतोच. घरांत कोणाला सोरायसिस होता काय, हेंही विचारावें; कारण कांहीं रोग्यांत सांधे आधीं बिघडतात व त्वचा मागाहून.

२००६ सालच्या ‘कॅस्पर’ कसोट्या याच खुणांना गुण देतात. सांध्यांचा दाह असून तीन गुण भरले, म्हणजे या रोगाची गणना होते. बाईंच्या सबंध सुजलेल्या बोटाचा एक, नखांवर खळगे असल्यास त्यांचा एक, ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ नसल्याचा एक: त्वचेवर डाग न दिसतांही तीन झाले! केसांखालीं चट्टा सांपडला, तर आणखी दोन. या कसोट्या मूळ संशोधनासाठीं रचलेल्या. तरी काय पाहावें, याची आठवण त्या दवाखान्यांतही देतात.

ही घाई कशासाठीं? डब्लिन येथील वैद्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, निदानास सहा महिन्यांचा उशीर झालेल्या रोग्यांत हाडें कुरतडलीं जाण्याचें प्रमाण अधिक आढळलें. कुरतडलेलें हाड पूर्ववत् होत नाहीं. वेळींच औषध मिळाल्यास मात्र पुष्कळांचे सांधे वांचतात.

सोरायसिस स्पर्शानें पसरत नाहीं. तरीही लोकलज्जेनें, मुलीच्या लग्नाच्या धास्तीनें, तो झांकला जातो. डॉक्टरांनीं मोजे उतरवावयास सांगावें आणि रोग्यानें डोक्यावरचा डाग आपण होऊन दाखवावा. सांध्याच्या दुखण्याचा उलगडा पुष्कळदां तेथेंच होतो.