मोनो सरोवर

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची उत्तुंग पर्वतराजी आहे. तिच्या पूर्वेकडील पायथ्याशी मोनो नावाचे एक अतिप्राचीन सरोवर पसरलेले आहे. पर्वतावरील बर्फ वितळून वाहणारे ओढे ह्या सरोवरास मिळतात; परंतु त्यातून बाहेर पडणारी एकही नदी नाही. आलेल्या पाण्याची वाफ होते व त्यातील क्षार मागे राहतात. म्हणून हे पाणी समुद्राच्या पाण्याहूनही खारट आहे. त्यात मासे जगत नाहीत. तथापि कोळंबीसारखे इवलेसे जलजीव व एका जातीच्या माश्या तेथे अगणित वाढतात. त्यांवर लक्षावधी पक्ष्यांचे पोषण होते.

कालव्याच्या मार्गाने तीनशे मैलांहून अधिक दूर लॉस एंजलिस हे महानगर आहे. नगराची तहान भागविण्यासाठी १९४१ साली ह्या ओढ्यांचे पाणी तिकडे वळविण्यात आले. सरोवर आटू लागले. १९८२ पर्यंत त्याची पातळी सुमारे ४५ फूट खाली गेली. पाणी निम्मे उरले व खारटपणा दुप्पट झाला. उघड्या पडलेल्या तळावरून क्षारयुक्त धूळ उडू लागली. सरोवरातील नेगिट बेटावर कुरव पक्ष्यांची घरटी होती. पाणी ओसरून ते बेट काठाला जोडले गेले. मग १९७९ साली लांडग्याच्या कुळातील कायोटी नावाचे प्राणी तेथे पोहोचले आणि पक्ष्यांना घरटी सोडावी लागली.

ही दुर्दशा पाहून काही तरुण अभ्यासक व पक्षिप्रेमी पुढे आले. १९७८ साली त्यांनी सरोवराच्या रक्षणासाठी एक समिती स्थापन केली. लोक ओढ्याचे पाणी बादल्यांतून वाहून नेत व सरोवरात ओतीत. अशा ओंजळभर पाण्याने सरोवर थोडेच भरणार? परंतु त्यामुळे जनतेचे लक्ष तिकडे वेधले गेले. पुढे वाद न्यायालयात गेला. सरोवर ही साऱ्या जनतेची ठेव असून तिचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य होय, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितले. १९९४ साली राज्याच्या जलमंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत वाढू द्यावी, असे ठरवून नगराने घ्यावयाच्या पाण्यास मर्यादा घातली.

मग नगराची तहान कशी भागली? तेथील नागरिकांनी काटकसरीची कास धरली. पूर्व लॉस एंजलिसमधील मातांच्या एका संघटनेने शौचालयांत कमी पाण्यावर चालणारी भांडी बसविण्याच्या कामी पुढाकार घेतला. बागांतून थोड्या पाण्यावर जगणारी झाडे आली. लोकसंख्या लाखोंनी वाढली, तरी नगराला आज १९७० सालापेक्षा कमी पाणी पुरते.

सरोवराने ठरलेली पातळी अजून गाठलेली नाही. ओढे मात्र पुन्हा वाहू लागले आहेत. दूरच्या घरातील एक नळ वेळेवर बंद झाला, तर त्याचा लाभ डोंगरापलीकडील पाखरालाही होतो. मुलांनो, आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे वा तलावाचे आहे, हे तुम्ही कधी विचारले आहे काय?