मूठभर जीव, जाणती माया

वाढदिवसाला नातवाने हट्ट धरावा, मुलाने पिंजऱ्यासह हॅमस्टरची जोडी घरी आणावी आणि महिन्याभरात शाळा, शिकवणी व नोकरी यांच्या धबडग्यात त्या पिंजऱ्याची जबाबदारी आजी-आजोबांच्या वाट्याला यावी, हे शहरातील अनेक घरांतले परिचित दृश्य आहे. हळूहळू त्यांनाही त्या इवल्या जिवाचा लळा लागतो. मग दुपारी त्याला झोपेतून उठवून शेंगदाणे भरवले जातात. थंडीत कापसाची गादी करून दिली जाते. अंग मळलेले दिसले तर कोमट पाण्याने न्हाऊ घातले जाते. शिंका येऊ लागल्या, की घरातील औषधांच्या डब्यातून एखाद्या गोळीचा कण पाण्यात विरघळवून पाजला जातो. घरातल्या लेकरासाठी जे केले असते, तेच सारे.

दुर्दैवाने यांतील बहुतेक गोष्टी हॅमस्टरला अपायकारक आहेत आणि शेवटची तर प्राणघातक ठरू शकते. मायेत खोट नसते. खोट असते ती मापात. आपण त्याला माणसाच्या मापाने मोजतो. या प्राण्याचे मूळ, त्याचा देह आणि त्याचा स्वभाव समजून घेतला, तर तीच माया त्याला खऱ्या अर्थाने लाभते आणि सांभाळणाऱ्या ज्येष्ठांची प्रकृतीही सुरक्षित राहते.

एकांतप्रिय निशाचर

आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातील अलेप्पो परिसराचा. 1839 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, परंतु तो माणसाळला जवळजवळ शतकानंतर. 1930 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतातून खोल बीळ खणवून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्याच एका कुटुंबाचे वंशज मानले जातात.

या जन्मकथेतच त्याचा स्वभाव दडलेला आहे. तो बिळात राहणारा, दिवसा झोपणारा आणि तिन्हीसांजेनंतर हिंडणारा प्राणी आहे. ‘हॅमस्टर’ हे नावही साठवून ठेवणे या अर्थाच्या जर्मन शब्दाशी जोडलेले आहे. गालांतील पिशव्यांत दाणे भरून ते बिळात नेऊन ठेवणे हा त्याचा नित्यक्रम. मुख्य म्हणजे तो एकटा राहतो. ‘बिचारा एकटा कसा राहील?’ हा प्रश्न आपला आहे, त्याचा नव्हे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयानंतर एका पिंजऱ्यात ठेवलेले दोन सोनेरी हॅमस्टर, मग ती सख्खी भावंडे का असेनात, बहुधा भांडतात आणि त्यात एखाद्याचा जीवही जातो. आकाराने लहान असलेल्या बुटक्या जाती क्वचित एकत्र नांदतात, पण त्यांच्यावरही सतत लक्ष ठेवावे लागते.

निवारा

बाजारात मिळणारे रंगीत, अरुंद पिंजरे दिसायला आकर्षक असले, तरी त्यांत हॅमस्टरची घुसमट होते. साधारण 100 सेंटिमीटर लांब व 50 सेंटिमीटर रुंद एवढी सलग जागा त्याला हवी. तळाशी कोऱ्या कागदाच्या कात्रणांचा किमान 20 सेंटिमीटर जाड थर द्यावा, म्हणजे त्याला बीळ करता येते. कापूस मात्र कटाक्षाने टाळावा. त्याचे तंतू पायाभोवती आवळले जातात, गालांच्या पिशव्यांत अडकतात आणि पोटात गेल्यास आतडे तुंबू शकते. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसाही श्वसनास त्रासदायक असतो.

धावण्यासाठी चाक आवश्यक आहे. सोनेरी हॅमस्टरसाठी ते साधारण 28 सेंटिमीटर व्यासाचे असावे आणि त्याला गजांऐवजी सलग पृष्ठभाग असावा. चाक लहान असेल, तर पाठीचा कणा वाकतो. गजांमध्ये पाय अडकून मोडतो. स्नान घालू नये. हा प्राणी स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवतो. भिजल्यास गारठून आजारी पडतो. पसरट भांड्यात स्वच्छ, कोरडी वाळू ठेवली, की तो त्यात लोळून घेतो.

त्याला 20 ते 24 अंश सेल्सियस तापमान मानवते. पारा 30 अंशांपलीकडे गेला, की उष्माघाताचा धोका वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, उन्हापासून दूर ठेवावा. आत गार फरशीचा एक तुकडा किंवा आडवी ठेवलेली मातीची लहान कुंडी ठेवल्यास तो तिचा आसरा घेतो. कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. देवघरातील उदबत्तीचा धूर आणि डास घालवणारी कॉइल यांपासूनही पिंजरा लांब असावा.

आहार : दोन लहान चमचे

सोनेरी हॅमस्टरचे वजन 100 ते 150 ग्रॅम भरते. त्याला दिवसाकाठी साधारण 10 ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे कोरडे खाद्य पुरते. बुटक्या जातींना त्याच्या निम्म्याहूनही कमी लागते. वाटी रिकामी दिसली, की तो उपाशी आहे असे वाटून आपण पुन्हा दाणे घालतो. प्रत्यक्षात त्याने ते कोपऱ्यात साठवलेले असतात. म्हणून वाटीपेक्षा त्याचे कोठार पाहावे.

हॅमस्टरसाठी तयार केलेले गोळीखाद्य हा मुख्य आहार असावा. त्यात 16 ते 18 टक्के प्रथिने असावीत. नुसते मिश्र दाणे दिल्यास तो सूर्यफुलाच्या बियांसारखे आवडीचे तेवढे वेचून खातो आणि स्थूल होतो. जोडीला काकडी, गाजर किंवा ब्रोकोलीचा नखाएवढा तुकडा पुरेसा आहे. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा कण चालतो. उरलेली ओली भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकावी, नाहीतर कोठारात बुरशी धरते. पाणी रोज बदलावे आणि बाटलीच्या नळीतून थेंब येतो ना, हे बोटाने पाहावे.

कांदा, लसूण, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळे, चॉकलेट, कच्चा बटाटा, कच्चा राजमा आणि सफरचंदाच्या बिया देऊ नयेत. फरसाण, बिस्किटे, गूळ, पेढा हे पदार्थही नकोत. बुटक्या जातींमध्ये मधुमेहाची प्रवृत्ती आढळते, त्यामुळे त्यांना गोड फळेसुद्धा टाळलेली बरी. घरात ज्यांना साखर वर्ज्य आहे, त्यांना हे पथ्य समजावून सांगण्याची गरज नाही.

मूक आजार आणि साप्ताहिक वजन

मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य असणारा जीव आपले दुखणे लपवतो. अशक्तपणा दाखवणे त्याला रानात परवडत नाही. त्यामुळे आजार डोळ्यांना दिसेपर्यंत तो बळावलेला असतो. यावर साधा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातील डिजिटल काटा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी हॅमस्टरला एका वाटीत बसवून वजन करावे आणि दिनदर्शिकेवर नोंदवावे. 120 ग्रॅमच्या हॅमस्टरचे वजन 12 ग्रॅमने घटणे म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 6 किलोने घटणे होय. अशी घट दिसली, की वाट पाहू नये.

शेपटीखालचा भाग ओला, घाण व दुर्गंधीयुक्त दिसणे हे अतिसाराचे लक्षण. तीन ते आठ आठवडे वयाच्या पिल्लांमध्ये हा जंतुजन्य विकार विशेष आढळतो आणि एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतो. शिंका, श्वास घेताना होणारा आवाज, चिकटलेले डोळे, एकाच बाजूला सतत फुगलेला गाल, केस गळून उघडी पडलेली कातडी, अंगावरील गाठ ही लक्षणेही पशुवैद्यास दाखवावीत. पुढचे दात जन्मभर वाढत असतात. त्यांचा पिवळसर-नारिंगी रंग स्वाभाविक आहे. मात्र ते वाकडे वाढले, तर खाणे थांबते. कुरतडण्यासाठी पिंजऱ्यात हॅमस्टरसाठीचे साधे, न रंगवलेले लाकूड असू द्यावे.

आता औषधांच्या डब्याविषयी. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन ही माणसांना नेहमी दिली जाणारी प्रतिजैविके हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणू नष्ट करतात. मग घातक जीवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने तो दगावू शकतो. म्हणून घरातील कोणतीही गोळी, तिचा कणही देऊ नये. अशा लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या गावात कोण आहे, याची चौकशी प्राणी आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

प्रजनन : सोळा दिवसांचा हिशेब

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ ही इच्छाही मायेतूनच येते. तिचा हिशेब मात्र आधी मांडावा. सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा 16 दिवसांचा असतो. सस्तन प्राण्यांमध्ये इतका अल्प गर्भकाळ फार थोड्यांचा. एका वेताला सामान्यतः सहा ते बारा पिल्ले होतात. ती तीन आठवड्यांत आईच्या दुधावरून सुटतात आणि चार ते सहा आठवड्यांची होताच स्वतः प्रजननक्षम होतात. चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे केले नाहीत, तर भावंडांतच गर्भधारणा होते. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा द्यावा लागतो. आठ पिल्ले म्हणजे आठ पिंजरे, आठ चाके आणि रोजची आठ वाट्यांची उठाठेव. ती सांभाळणारी घरे आधीच ठरलेली नसतील, तर प्रजननाच्या वाटेला जाऊ नये, हेच शहाणपणाचे.

तथापि, दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. अशा वेळी नर असल्यास तो तत्काळ वेगळा करावा. मादीला घरटे करण्यासाठी मऊ, कोरा कागद भरपूर द्यावा, खाद्य थोडे वाढवावे, प्रथिनांसाठी अंड्याचा कण द्यावा आणि पिंजरा शांत जागी ठेवावा. पिल्ले जन्मतः उघडी-नागडी आणि आंधळी असतात. त्यांचे डोळे सुमारे 14 दिवसांनी उघडतात. तोपर्यंत घरट्याला हात लावू नये, पिंजरा धुऊ नये, पाहुण्यांना पिल्ले दाखवू नयेत. घाबरलेली आई स्वतःची पिल्ले मारते, खातेही. आहारोनी यांच्या मादीनेही डब्यात ठेवताच आपले एक पिल्लू मारले होते. ते क्रौर्य नव्हे. धोका जाणवल्यावर होणारी ती तिची उपजत प्रतिक्रिया आहे. हे घरातील मुलांना आधी सांगून ठेवले, तर पुढचा आघात टळतो.

नकोशी झालेली पिल्ले शेतात किंवा बागेत सोडणे हे पुण्यकर्म नव्हे. ती एक-दोन रात्रींत मांजर, घुबड किंवा उपासमार यांना बळी पडतात.

सांभाळणाऱ्यांची काळजी

पिंजरा हाताळण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत. घरातील उंदरांकडून हॅमस्टरला ‘एलसीएम’ नावाच्या विषाणूची लागण होऊ शकते. निरोगी माणसाला त्याचा त्रास बहुधा सौम्य होतो. परंतु गर्भवती, अवयवप्रत्यारोपण झालेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण करणारी औषधे घेणारे रुग्ण यांना तो गंभीर ठरतो. अमेरिकेत 2005 मध्ये अवयवदात्यामार्फत ही लागण पोहोचून प्रत्यारोपण झालेल्या तीन रुग्णांचा मृत्यू झाला. दात्याच्या घरी नुकताच हॅमस्टर आणलेला होता. अशा व्यक्ती घरात असतील, तर प्राणी आणण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दम्याच्या रुग्णांनीही तसेच करावे.

झोपेतून उठवलेला हॅमस्टर चावतो. मधुमेही किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी लहान जखमही वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. हात थरथरत असतील, तर त्याला मुठीत न धरता मोठ्या कपात चढू द्यावे आणि स्वतः पलंगावर किंवा सतरंजीवर बसूनच खेळवावे. हातातून पडल्यास त्याची हाडे मोडतात. त्याला धरायला वाकलेल्या माणसाचा तोलही जातो.

निरोप

हॅमस्टरचे आयुष्य दोन, फार तर तीन वर्षांचे. दीड वर्षानंतर त्याची चाल मंदावते, केस विरळ होतात, झोप वाढते. तेव्हा पिंजऱ्यातील उंचवटे काढावेत, वाटी व पाणी घरट्याजवळ ठेवावे, खाद्य थोडे भिजवून मऊ करावे. आपल्या घरातील वृद्धांसाठी पलंगाजवळ तांब्या आणि हाताशी काठी ठेवतो, तशीच ही व्यवस्था. वेदना असह्य झाल्यास वेदनारहित मरणाचा मार्ग पशुवैद्य सांगू शकतात.

तो गेल्यावर तशाच रंगाचा दुसरा हॅमस्टर गुपचूप आणून ठेवू नये. मुले फसत नाहीत. ‘त्याचे आयुष्य एवढेच होते आणि ते आपण नीट सांभाळले’ असे आजीने मांडीवर घेऊन सांगितले, तर तो धडा नातवाला जन्मभर पुरतो. ते वाक्य खरे असावे, एवढ्यासाठी आजच दिनदर्शिकेवर पहिले वजन नोंदवावे.